लग्न नव्हतं, पण घर होतं

समजा, पुण्यात वाकडला एक टू बीएचके फ्लॅट आहे. तो आणि ती तिथे सात वर्षं एकत्र राहिले. लग्न केलं नाही. दोघंही नोकरी करणारे. फ्लॅट घ्यायचं ठरलं तेव्हा बँकेने सहकर्जदाराशी नातं काय, असं विचारलं. त्या रकान्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं, म्हणून कर्ज त्याच्या एकट्याच्या नावावर झालं आणि करारनामाही त्याच्याच नावाने नोंदवला गेला. बुकिंगच्या वेळी तिने एफडी मोडून साडेचार लाख रुपये त्याच्या खात्यावर टाकले. पुढे दर महिन्याला हप्ता त्याच्या खात्यातून जात राहिला. किराणा, वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार, एका वर्षी त्याच्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, हे सगळं तिच्या खात्यातून. ही वाटणी कोणी कोणावर लादली नव्हती. ज्याला जे सोयीचं ते त्याने उचललं. आता दोघांचं पटत नाही. ती दोन बॅगा घेऊन मैत्रिणीकडे राहायला गेली आहे. फ्लॅटची किंमत दुपटीच्या जवळ पोचली आहे. नोंदणीचा उतारा म्हणून इंडेक्स टू काढलं तर त्यावर एकच नाव येतं. तिच्या हातात आहे ती मोबाइलमधली यूपीआयची यादी: दूधवाला, महावितरण, वाणी, गॅस, पुन्हा वाणी.

या गोष्टीत कोणी खलनायक नाही, म्हणूनच ती घेतली. मारहाण असली, फसवणूक असली, की बाजू घेणं सोपं होतं आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. तो प्रश्न असा: सात वर्षांत दोघांच्या कमाईतून आणि कष्टातून जे उभं राहिलं, ते कोणाचं? आपला कायदा हे विचारत नाही. तो विचारतो, तुम्ही नवरा-बायकोसारखे राहत होता का? प्रश्नच चुकीचा असल्यामुळे उत्तर कितीही उदार दिलं तरी त्यातून फार तर पोटगी निघते, हिस्सा निघत नाही. लग्नाशी साम्य किती, हे मोजणं सोडून घरात कोणी काय घातलं हे मोजायला लागलं पाहिजे, एवढंच मला या लेखात मांडायचं आहे.

कायद्याने काहीच केलं नाही असं मात्र नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला आणि त्याने पहिल्यांदा विवाहसदृश नात्यातल्या स्त्रीला पत्नीच्या रांगेत बसवलं. ज्या घरात ती राहत होती त्या घरावर तिचं नाव असो वा नसो, तिथे राहण्याचा हक्क तिला मिळाला. दंडाधिकारी तिला घराबाहेर काढायला मनाई करू शकतात, ते घर परस्पर विकू नये असा आदेश देऊ शकतात, तितक्याच दर्जाची दुसरी जागा भाड्याने घेऊन द्यायला लावू शकतात. रात्रीतून कुलूप बदललं गेलेल्या बाईसाठी याची किंमत फार मोठी आहे. पण हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. आणि त्यासाठी आधी हिंसाचार दाखवावा लागतो. आर्थिक छळही त्यात मोडतो, तरी छळ दाखवावा लागतोच. दोन माणसं नुसती वेगळी झाली, तर या कायद्याकडे त्यांच्यासाठी फारसं काही नाही. पुरुषाला तर यातलं काहीच मागता येत नाही.

विवाहसदृश म्हणजे काय, हे न्यायालयांनी ठरवत नेलं. २०१० मध्ये वेलुसामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटी घातल्या: दोघं लग्नाच्या वयाचे हवेत, एकमेकांशी लग्न करायला कायद्याने मोकळे हवेत, समाजात पती-पत्नी म्हणून वावरलेले हवेत, आणि स्वेच्छेने बराच काळ एकत्र राहिलेले हवेत. २०१३ च्या इंद्रा सर्मा खटल्यात आणखी खुणा जोडल्या गेल्या: पैसा एकत्र केला का, घरकाम कसं चालायचं, मुलं झाली का, लोकांत जोडपं म्हणून मिसळत होता का. या दुसऱ्या खटल्याकडे जरा थांबून पाहायला हवं. त्यातल्या स्त्रीने १९९२ मध्ये नोकरी सोडली आणि त्याच कंपनीतल्या एका विवाहित पुरुषाबरोबर राहायला लागली. तिच्या नावाने व्यवसाय सुरू झाला. पुढे तो व्यवसाय त्याने आपल्या घरी नेला आणि मुलाच्या मदतीने चालवला, असं तिचं म्हणणं होतं. तो निघून गेल्यावर बंगळुरूच्या दंडाधिकाऱ्यांनी तिला दरमहा १८,००० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला, कारण तो विवाहित आहे हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. अशा स्त्रियांवर अन्याय होतो हे न्यायमूर्तींना दिसत होतं. संसदेने यावर कायदा करावा असं त्यांनी निकालात लिहिलं. पण त्या व्यवसायात तिची मेहनत किती होती, तिचा वाटा काय, या प्रश्नापर्यंत प्रकरण पोचलंच नाही. नातं कोणत्या प्रकारात बसतं, यावरच ते संपलं.

ही चाचणी सर्वात जास्त कोणाला बाहेर ठेवते? लिव्ह-इन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिंजवडीतली तरुण जोडपी येतात. पण महाराष्ट्रात लग्नाच्या कागदाशिवाय संसार करणाऱ्यांत वस्तीतल्या, तांड्यावरच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या बायका कितीतरी आहेत. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली, तेव्हापासून टाकून दिलेल्या बायकांचा प्रश्न इथे उघडपणे बोलला जातो. अशी एखादी बाई, नवऱ्याने टाकलेली, पंचांसमोर काडीमोड झालेली पण कोर्टाचा कागद नसलेली, पुढे एखाद्या गवंड्याबरोबर दहा वर्षं संसार करते. काडीमोडाची ती रूढी कोर्टात सिद्ध करता आली नाही, तर कायद्याच्या नोंदीत ती अजून पहिल्याच नवऱ्याची बायको आहे, म्हणजे लग्नाला मोकळी नाही, म्हणजे तिचं नातं विवाहसदृश नाही. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत नवं घर झोपडीधारक आणि त्याची पत्नी अशा संयुक्त नावावर करायचं असतं. तो नियम करणाऱ्यांना बाईच्या डोक्यावरच्या छपराची काळजी होती. पण त्या संयुक्त नावात शिरायला पत्नी असल्याचा पुरावा लागतो. जिच्या विटा वाहण्यावर ती झोपडी उभी राहिली, ती बाई या नियमाला दिसत नाही.

आता दिवाणी न्यायालयाचा रस्ता. इथली गुंतागुंत फार थोड्यांना माहीत असते, आणि खरी अडचण इथेच आहे.

खरेदीखतावर दोघांची नावं असतील तर मामला बराच सोपा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ४५ वं कलम सांगतं की दोघांनी मिळून घेतलेल्या मालमत्तेत ज्याने जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा हिस्सा. आणि कोणी किती घातले याचा पुरावाच नसेल, तर दोघांचा हिस्सा समान धरायचा. नातं काय, लग्न झालं होतं का, हे कलम विचारत नाही. वाटप होण्यासारखं नसेल तर १८९३ च्या वाटप कायद्याखाली घर विकून पैसे वाटता येतात, किंवा एकाने दुसऱ्याचा हिस्सा किमतीला घेता येतो. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या या कायद्यांत आजच्या जोडप्यांना पुरेल इतकं शहाणपण आहे. फक्त कागदावर दोन नावं हवीत.

नाव एकच असेल तर? इंग्लंडमध्ये न्यायालयं अशा वेळी विश्वस्ताचं तत्त्व वापरतात: घर त्याच्या नावावर असलं तरी तिने पैसे घातलेत, तेव्हा तेवढ्यापुरता तो तिच्या वतीने मालक आहे. आपल्याकडेही १८८२ च्या ट्रस्ट कायद्यात ८२ व्या कलमात हेच होतं. १९८८ मध्ये बेनामी व्यवहार प्रतिबंधाचा कायदा आला आणि ते कलम काढून टाकलं गेलं. हेतू काळ्या पैशाला चाप लावण्याचा होता आणि तो रास्तच होता. पण त्या कायद्याने असंही ठरवलं की दुसऱ्याच्या नावावर आपल्या पैशाने घेतलेली मालमत्ता माझी आहे, असा दावाच करता येणार नाही. २०१६ च्या दुरुस्तीने हा कायदा आणखी कडक झाला. बेनामी व्यवहाराला एक ते सात वर्षांची सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या पाव हिस्स्यापर्यंत दंड आहे. नवरा-बायको आणि मुलांना यातून सूट आहे, पैसा ज्ञात उत्पन्नातला असला की झालं. बहीण-भाऊ, आई-वडील यांनाही संयुक्त नाव असल्यास सूट आहे. लग्न न करता सात वर्षं, सतरा वर्षं एकत्र राहिलेल्या जोडीदाराचा उल्लेख या यादीत नाही.

वाकडच्या त्या बाईचे साडेचार लाख या सगळ्यातून काढून पाहा. घराच्या किमतीतला माझा भाग म्हणून दिले, असं ती म्हणाली तर समोरचा वकील बेनामी कायदा पुढे करेल. विश्वासाच्या नात्याचा अपवाद त्या कायद्यात आहे, पण तो जोडप्याला लागू होतो हे दाव्यागणिक पटवावं लागेल. ते पैसे उसने दिले होते, असं म्हणाली तर मुदतीच्या कायद्याची तीन वर्षं, पैसे दिल्या दिवसापासून मोजलेली, कधीच उलटून गेली आहेत. बक्षीस म्हणून दिले म्हणाली, तर विषय तिथेच संपला; उलट पन्नास हजारांवरची भेट नातेवाइकाकडून आलेली नसल्यामुळे आयकर खातं त्याच्याकडे त्या रकमेवर कर मागू शकतं. राहिला सात वर्षांचा किराणा आणि वीजबिलं. करार कायद्याच्या ७० व्या कलमात, फुकट करण्याचा हेतू नसताना एखाद्यासाठी केलेल्या कामाचा मोबदला मागता येतो. पण एका छताखाली राहणाऱ्या माणसांनी एकमेकांसाठी केलेलं काम प्रेमाने, म्हणून फुकटच केलं, असं धरून चालायची आपली सवय आहे. तिचे पैसे जेवणाच्या ताटात गेले, त्याचे भिंतीत गेले. भिंत उभी आहे, म्हणून ती त्याची.

यात पुरुषही सापडतात. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. लग्न झालेलं जोडपं ती निर्धास्तपणे घेतं. लग्न न झालेला पुरुष जोडीदारणीच्या नावावर आपल्या पैशाने घर घेतो, तेव्हा तो कायद्याच्या भाषेत बेनामी व्यवहाराच्या जवळ जाऊन उभा असतो आणि वेगळं होताना त्यातली एक वीटही मागू शकत नाही. चूक उमगल्यावर नंतर नाव लावायचं म्हटलं, तर पती-पत्नीत राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क २०० रुपये. या दोघांना मात्र शहरानुसार सहा-सात टक्के, म्हणजे ऐंशी लाखांच्या घराच्या अर्ध्या हिश्शासाठी अडीच लाखांच्या आसपास.

घरकामाचं मोल आपल्या न्यायालयांना अजिबात ठाऊक नाही, असंही म्हणता येत नाही. सरकारच्याच २०१९ च्या वेळेच्या वापराच्या पाहणीत बायका घरच्या विनामोबदला कामात दिवसाला २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं, असं नोंदलं गेलं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात भरपाईच्या प्रकरणात हेच आकडे समोर ठेवून गृहिणीच्या कामाची किंमत पैशात धरली पाहिजे असं म्हटलं. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने परदेशात नोकरी करणाऱ्या माणसाच्या बायकोचा, तिने घर आणि मुलं सांभाळली म्हणून, मालमत्तेत निम्मा हिस्सा मानला. म्हणजे तत्त्व आपल्याकडे आहे. अपघातात बाई मेली तर तिच्या कामाची किंमत विमा कंपनीकडून वसूल होते, आणि ती जिवंत असून घरातून बाहेर पडली तर त्याच कामाला शून्य भाव येतो. हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

या मागणीवरचा सर्वात गंभीर आक्षेप परंपरावाद्यांकडून येत नाही, तो स्वातंत्र्य मानणाऱ्यांकडून येतो. ते म्हणतात: ज्यांनी विचार करून लग्न नाकारलं, त्यांच्यावर तुम्ही मागच्या दाराने लग्न लादता आहात. एकमेकांवर मालकी नको, कोर्टकचेरी नको, म्हणूनच तर ते असे राहिले. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये क्विबेक प्रांताच्या बाबतीत अल्प बहुमताने हाच युक्तिवाद उचलून धरला. मला तो पटत नाही, पण टाकून देण्यासारखाही वाटत नाही. जातीबाहेरच्या माणसाशी लग्न लावायला घर तयार नाही, हुंडा-मानपान नको, आडनाव बदलायचं नाही, पत्रिका बघायची नाही, अशा अनेक कारणांनी लोक लग्न टाळतात. यातलं कुठलंही कारण, जोडीदाराच्या सात वर्षांच्या पैशावर आणि कष्टावर पाणी सोडायला मी तयार आहे, असं सांगत नाही. शिवाय निवड दोघांची सारखी असते असंही नाही. कितीतरी घरांत एकाला लग्न हवं असतं आणि दुसरा पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहतो. लग्न टाळणाऱ्याचंच नाव घरावर असतं, तेव्हा टाळण्याचा सगळा फायदाही त्यालाच मिळतो.

निवडीचं तत्त्व शेवटपर्यंत ओढलं तर काय होतं, हे इंग्लंडमध्ये १९८४ च्या बर्न्स खटल्यात दिसलं. एक स्त्री १९ वर्षं एका पुरुषाबरोबर राहिली, त्याचं आडनाव लावलं, दोन मुलं वाढवली, कमवायला लागल्यावर घरखर्चही केला. घर त्याच्या नावावर होतं आणि ते घेताना तिने थेट पैसे दिले नव्हते. अपील न्यायालयाने सहानुभूती व्यक्त केली आणि तिला काहीही दिलं नाही. तिथल्या विधी आयोगाने २००७ मध्ये कायदा सुचवला, तो अमलात आला नाही. न्यूझीलंडने उलट टोक गाठलं: २००२ पासून तीन वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्याची नात्यातली मालमत्ता सर्वसाधारणपणे निम्मी-निम्मी वाटली जाते, ज्यांना हे नको असेल त्यांनी स्वतंत्र वकिलाच्या सल्ल्याने लेखी करार करून बाहेर पडावं. ही रचना मला जास्त न्यायाची वाटते, पण ती जशीच्या तशी उचलावी असं वाटत नाही. आपल्याकडे मुलाच्या फ्लॅटमध्ये बापाने विकलेल्या शेताचे पैसे असतात, बहिणीने सोडलेला हक्क असतो. तीन वर्षं भरली म्हणून त्याचा अर्धा भाग वेगळा करणं हाही अन्यायच. एकत्र राहायला लागल्यानंतर दोघांच्या कमाईतून, बचतीतून, कष्टातून जे वाढलं तेवढंच मोजायचं. वडिलोपार्जित आणि आधीचं बाजूला ठेवायचं. आणि कोणाचा वाटा किती हे ठरवता येत नसेल, विशेषतः मुलं असतील आणि वर्षं बरीच गेली असतील, तर ४५ व्या कलमातलं ते जुनं वाक्य इथेही लावायचं: पुरावा नसेल तर समान. आज ते वाक्य कागदावर नाव असलेल्यांनाच मिळतं. ते घरात राबलेल्यांनाही मिळालं पाहिजे.

मग आधीच करार का करत नाहीत, असं विचारलं जातं. जरूर करावा. घर घेताना दोघांची नावं लावावीत, करारनाम्यात हिस्स्याची टक्केवारी लिहून तो नोंदवावा, हे मी प्रत्येक जोडप्याला सांगेन. पण पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीपुढे केलेल्या सहजीवनाच्या कराराला न्यायालय किती मान देईल, याची खात्री आज कोणी देऊ शकत नाही; करार कायद्याचं २३ वं कलम अनैतिक हेतूचा करार रद्दबातल ठरवतं, आणि नैतिक काय हे समोर बसलेला माणूस ठरवतो. गुजरातेत मैत्रीकराराच्या नावाखाली विवाहित पुरुषांनी दुसरा संसार थाटायला असाच कागद वापरला, त्यामुळे या कागदाकडे संशयाने पाहायची सवयही जुनी आहे. आणि करार करायला वकील लागतो, पुढचं वाईट बोलून ठेवायचं धैर्य लागतं. ऊसतोडीच्या कोपीत राहणाऱ्या जोडप्याकडे असा करार असणार नाही. दुसरा मार्ग नोंदणीचा: उत्तराखंडने समान नागरी संहितेत लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची केली, २७ जानेवारी २०२५ पासून. नोंद न केल्यास तुरुंगवास किंवा दंड, आणि सोडून दिलेल्या स्त्रीला पोटगीची तरतूद. मालमत्तेतल्या हिस्स्याची तरतूद तिथेही नाही. ज्या मुलीने आंतरधर्मीय जोडीदार निवडलाय तिचा पत्ता सरकारी नोंदवहीत गेला, आणि घरावरचा तिचा हक्क मात्र होता तिथेच राहिला. या मार्गाने महाराष्ट्राने जाऊ नये.

आता लग्नाच्या बायकोचा प्रश्न. तो सर्वात अवघड आहे आणि त्याला बगल देऊन कोणताही कायदा उभा राहणार नाही. इंद्रा सर्मा निकालात न्यायालयाला हीच चिंता होती: या बाईला दिलं तर ते कायदेशीर पत्नी आणि मुलांच्या ताटातून जाईल. गावाकडे सासू-सासऱ्यांचं करत राहिलेली, शहरातल्या दुसऱ्या संसाराची कुणकुण लागलेली बायको डोळ्यांसमोर आणली की ही चिंता खरी वाटते. म्हणून मी इथे भेद करीन. दुसऱ्या स्त्रीने घातलेला पैसा, तिच्या मेहनतीने चाललेला धंदा हा तिचाच आहे. तो त्या पुरुषाचा कधी नव्हताच, म्हणून तो परत केल्याने पत्नीचं काही कमी होत नाही. तो नाकारला तर फायदा पत्नीला होत नाही, त्या पुरुषाला होतो. याउलट नुसत्या सहवासावरचा, घरकामावरचा हिस्सा मात्र अशा प्रकरणात पत्नी आणि मुलांच्या राहत्या घराची आणि पालनपोषणाची सोय झाल्यानंतरच विचारात घ्यावा. दोन्ही स्त्रियांचे कष्ट एकाच माणसाने वापरले असतील तर पहिला हक्क पहिलीचा. हा क्रम दुसरीला कठोर वाटेल, तरी तो न्यायाचा आहे.

समलिंगी जोडप्यांचा मुद्दा मी थोडक्यात सांगतो, कारण तो स्वयंस्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने त्यांना लग्नाचा हक्क नाकारला. लग्न करायचं होतं तर करायचं, हा टोमणा त्यांना लागूच होत नाही. दोन पुरुष वीस वर्षं एकत्र राहून वेगळे झाले, तर कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा त्यांच्यासाठी नाही, बेनामीची सूट नाही, २०० रुपयांचं बक्षीसपत्र नाही. २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्यांना संयुक्त बँक खातं उघडायला आडकाठी नसल्याचं स्पष्ट केलं. लग्नाशी साम्य शोधणारी चाचणी त्यांना जन्मभर दाराबाहेर ठेवते. कोणी काय घातलं, ही चाचणी ठेवत नाही.

हे सगळं बोललं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: मग लग्न न केलेलीला लग्न केलेलीपेक्षा जास्त मिळेल की. हे वाक्य बरोबर आहे, आणि आपला सर्वात मोठा दोष तेच उघडा करतं. गोव्यासारखे अपवाद सोडले तर भारतात घटस्फोट घेणाऱ्या पत्नीलाही संसारात उभ्या राहिलेल्या मालमत्तेत आपोआप हिस्सा नाही. तिला पोटगी मिळते, राहायला जागा मिळू शकते. घर ज्याच्या नावावर त्याचं. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता एकत्र धरली जाते आणि दोघं निम्म्याचे मालक असतात. घर विकायचं तर दोघांची सही लागते. सावंतवाडीच्या बाईला जे नाही ते तासाभरावरच्या पेडण्याच्या बाईला आहे. महाराष्ट्रात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतरच्या वर्षांत लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. बाईने त्या जमिनीत घातलेल्या कष्टाचं ते देणं आहे, ही त्यामागची धारणा होती. एकाही कायद्याची सक्ती नसताना तलाठ्याच्या दप्तरात ती नावं चढली.

घटस्फोटाच्या वेळी पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीचा हिस्सा न्यायालयाने ठरवावा, असं विधेयक राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूर केलं होतं. लोकसभेत ते मंजूर होण्याआधीच त्या सभागृहाची मुदत संपली आणि विधेयक बारगळलं. त्यानंतर तसा कायदा झालेला नाही. तो जेव्हा कधी पुन्हा येईल, तेव्हा त्यात पत्नी हा एकच शब्द न ठेवता एकत्र संसार केलेला जोडीदार असं लिहावं, बेनामी कायद्यातल्या सुटीच्या यादीत त्याला जागा करून द्यावी, आणि घर चालवण्यात गेलेला पैसा व श्रम हा घर घेण्यात गेलेलाच पैसा धरावा. लग्न झालेली आणि न झालेली, दोघींना पुरेल असं ते एकच कलम असेल.